गंगाफळाच्या बियांची तारीख

विंडसर, नोव्हा स्कोशिया (कॅनडा)
८ मार्च

तीर्थरूप नाना आणि आईस साष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. थंडीची काळजी करू नका. बाहेर अजून बर्फ आहे, पण काम पॉलिहाऊसमध्ये असतं आणि तिथे स्वेटरही काढून ठेवावा लागतो. आजी दर फोनला विचारते, ‘तठे काय खास रे तू?’ तिला सांगा, भाकरीचं पीठ मिळतं, कळण्याचं मात्र नाही. बाकी रोजचं तुम्हाला माहीतच आहे.

नाना, परवा तुम्ही म्हणालात, ‘एक बी पंधरा दिवस पुढंमागं लावलं तर काय बिघडतं?’ तुम्ही रागाने म्हणाला नाहीत, तरी ते माझ्या मनात राहिलं. म्हणून नीट लिहितो.

इथली माणसं हे गंगाफळ, म्हणजे लाल भोपळा, खाण्यासाठी लावत नाहीत. ते वजनाच्या स्पर्धेसाठी लावतात. जात ‘अटलांटिक जायंट’. ती याच विंडसरच्या हॉवर्ड डिल नावाच्या शेतकऱ्याने निवड करत करत तयार केली आणि १९७९ पासून सलग चार वर्षं जगातलं सर्वांत जड फळ त्याचंच होतं. आज जगभर याच जातीचं बी लावतात. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या हाफ मून बे इथे एक फळ २,७४९ पौंड भरलं, म्हणजे जवळजवळ साडेबारा क्विंटल, कापसाची भरलेली बैलगाडीच. आई, तुला पटणार नाही, पण काही फळं पोखरून, रंगवून लोक त्यात बसतात आणि वल्ही मारत तळ्यात शर्यत लावतात. १९९९ पासून या गावात ही रीत आहे. पोरखेळ वाटेल, पण आपल्याकडे पोळ्याला बैल जसा सजवतात तितक्याच मनाने हे लोक ते करतात. वर्षभराची मेहनत असते ती.

तर तारीख. आपण मृग पाहून पुढे मोजतो. इथे उलटं, शेवटाकडून मागे मोजतात. तापीच्या वाळूतले वाडीवाले आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा बाजार धरून खरबूज-टरबूज लावतात, तसंच. वजनाचा दिवस ऑक्टोबरच्या सुरुवातीला, समजा ४ तारीख. फळ धरल्यापासून पूर्ण भरायला ९० ते १०० दिवस. ९५ धरले तर परागीकरण १ जुलैला. बी लावल्यापासून मुख्य वेलावर कामाचं मादी फूल यायला साधारण ६५ दिवस. म्हणजे बी २७ एप्रिलला. आमची तारीख अशी निघाली.

लवकर लावलं तर जास्त वाढेल असं वाटतं, आणि नवीन माणूस तिथेच चुकतो. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बी लावलं तर रोप उगवतं, पण बाहेर जमीन गारठलेली असते. कुंडीत पंधरा दिवसांवर रोप ठेवलं की मुळ्या गोल फिरतात आणि पुढे वेल जोर धरत नाही. जमीन १५-१६ अंशांच्या खाली असेल तर मुळं हलत नाहीत, ओल राहते आणि मर लागते. समजा रोप जगलं आणि फळ जूनच्या मध्यात धरलं, तर ते सप्टेंबरच्या मध्यातच भरून थांबतं. मग वजनापर्यंत ते सांभाळायचं. तेवढ्यात तळ सडतो नाहीतर साल तडकते. चीर आतल्या पोकळीपर्यंत गेली की फळ स्पर्धेतून बाद. उशीर केला तर वेगळंच दुखणं. फळ धरल्यानंतर साधारण तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात ते सर्वांत जास्त फुगतं, चांगल्या वेलावर दिवसाला वीस किलोसुद्धा. ते दिवस जुलै-ऑगस्टच्या उबदार रात्रींत बसले पाहिजेत. सप्टेंबरच्या गार रात्रींत गेले तर वजन गेलं.

म्हणून कॅलेंडरबरोबर मातीही बघतात. सकाळी आठला, चार इंच खोल थर्मामीटर खोचून. मेअखेरपर्यंत इथे दव गोठू शकतं, त्यामुळे लागवडीच्या जागेवर दोन आठवडे आधी लाकडी चौकटीवर प्लॅस्टिकचं छोटं घर करतात आणि मातीत ऊब देणारी वायर पुरतात. एका जागेसाठी बीही एकच लावत नाहीत. दुसरं पाच-सहा दिवसांनी लावतात. पहिलं दगावलं तर ते हाताशी असतं.

बी अंगठ्याएवढं, साल जाड. कडा काचकागदाने हलक्या घासायच्या, टोकाला मात्र हात लावायचा नाही, कारण कोंब तिथूनच येतो. तासभर कोमट पाण्यात, मग सहा इंची कुंडीत एक इंच खोल, टोक खाली. ऊब २९ ते ३२ अंश. तीन ते पाच दिवसांत उगवतं. आणखी सात-दहा दिवसांनी पहिलं खरं पान उघडलं की लगेच जमिनीत. वेल त्या पानाच्या उलट दिशेला धावतो, तेव्हा रोप कोणत्या बाजूला तोंड करून लावायचं ते आधीच ठरवायचं. हे एक काम घाईत किंवा दुसऱ्याच्या भरवशावर टाकता येत नाही.

आबाने बी मागितलंय. त्याला सांगा, पाकिटात घालून पाठवता येत नाही. परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला नसेल तर भारतात बी अडवतात. मी कंटाळा केला असं नाही. तोवर घरचं गंगाफळ लाव म्हणावं, आणि हेच मोजमाप वापर. आपल्याकडे थंडीऐवजी उन्हापासून मागे मोजायचं. ३२ अंशांच्या वर फूल गळतं, फळ धरत नाही. म्हणून माझ्या मते पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरअखेरीला बी टाकावं, म्हणजे फळ कडक उन्हाच्या आत भरेल. आखाजीला लावू नको म्हणावं.

आता पैशांचं. एक लाख वीस हजार सोमवारी खात्यावर टाकलेत. त्यातले मंडप आणि आचाऱ्याचे वेगळे काढा, उरलेल्यातून सोसायटीचं कर्ज फेडा. सोनं माझ्याकडून राहिलंय, ते जूनच्या पगारात. सोनाराला शब्द देऊन ठेवा. आई, माझ्यासाठी पाचोऱ्याचं स्थळ बघू नकोस. आधी छोटीचं होऊ दे. दिवाळीला महिनाभर येतोय, तेव्हा बोलू.

छोटीचं लग्न ११ मेला. २७ एप्रिल धरून मोजून पाहा, नाना. रोपं जमिनीत जायचे दिवस ७ ते १२ मे येतात. मालकाला विचारलं होतं. तो नाही म्हणाला नाही, मीच थांबलो, कारण यंदा दोन्ही वेल माझ्या हाती दिलेत. छोटीला हे तुम्ही सांगू नका, मीच सांगेन. तिला राग आला तर येऊ द्या. गोरज मुहूर्ताला इथे सकाळचे सव्वादहा असतील. आबाला म्हणावं फोन मंडपात उंच धर, अंतरपाट दिसला पाहिजे.

तुमचा
भैय्या