बापूकाकांना काय सांगू?

उप्साला, स्वीडन

संद्या,

तब्येत बरी आहे, पाठ कुरकुरते, सोड. परवा बापूकाकांचा फोन आला होता. ऑपरेशननंतर शब्द अडखळतात, खवचटपणा मात्र शाबूत. म्हणाले, "रक्तातून गाठ ओळखता ना तुम्ही? मग सांगलीहून बाटली पाठवतो. त्या एमआरआयच्या बोगद्यात मी काही परत जायचा नाही."

ग्लायोब्लास्टोमा, मेंदूचा जहाल कर्करोग, लेका! नेमकी माझ्याच कामाची गाठ.

गणपतीत ओट्यावर मी सांगत होतो तेव्हा तूही होतास. गाठीच्या पेशी बारीक पुड्या सोडतात, 30 ते 150 नॅनोमीटरच्या. आत आरएनए, म्हणजे जनुकांच्या निरोपाच्या प्रती, आणि प्रथिनं. 2008 मध्ये बोस्टनच्या गटाला 25 पैकी 7 रुग्णांच्या सीरममध्ये, म्हणजे रक्ताच्या पाण्यात, गाठीतल्या बिघडलेल्या ईजीएफआर या वाढीच्या जनुकाचा आरएनए सापडला. काकांनी ते 7 जण धरून ठेवलेत. तो बिघाड सगळ्यांच्या गाठीत नसतोच, हे तेव्हा चहाच्या गडबडीत राहिलं.

आणि रक्तात गाठीच्याच पुड्या असतात थोड्याच! प्लेटलेट्सच्या असतात, त्याच मापाची लायपोप्रोटीन्स, चरबी वाहणारे कण, असतात. मोजणारं यंत्र ठिपके मोजतं, कुणाचे ते त्याला काय कळणार? डिशमधल्या पेशींचंसुद्धा तेच. त्यांच्या खाद्यातल्या वासराच्या सीरममध्ये वासराच्या पुड्या, म्हणून आधी ते यंत्रात रात्रभर गरगर फिरवून घ्यायचं. मग पेशींवरचं पाणी फिरवायचं, 300 जी (म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या 300 पट), 2,000, 10,000, शेवटी एक लाख जी. तळाशी दिसेल न दिसेल असा डाग. तू म्हणाला होतास, "डॉक्टर हो म्हटलं तर धुणं पिळत बसलास." त्या भांडणात मी अजून हरलेलो नाही.

गंमत ऐक. यू-87 ही याच गाठीच्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींची प्रसिद्ध जात इथलीच, 1966 ची. 2016 मध्ये इथल्याच लोकांनी दाखवलं की पेशींच्या पेढीत मिळते ती मूळ रुग्णाची नाहीच. काकांना हे सांगितलं तर आठवडाभर हसतील.

बाकीचं कसं सांगू? 2005 च्या मोठ्या चाचणीत रेडिएशनला टेमोझोलोमाइड या केमोच्या औषधाची जोड दिली, तेव्हा निम्मे रुग्ण 14.6 महिन्यांपुढे जगले. नुसत्या रेडिएशनवर 12.1. काकूंना हे माहीत नाही. माझ्या पुड्या काकांच्या उपयोगी पडायच्या नाहीत असं म्हणालो, तर त्यांच्याकडे उरतं काय? तसं म्हणालोच नाही, तर काका एमआरआय चुकवतात.

दुकानाचं भाडं मिटलं का? आर्याला दहावीसाठी शुभेच्छा, वहिनींना नमस्कार.

शनिवारी सांगलीला जा आणि एमआरआयची तारीख तूच घेऊन टाक. माझं ठरेपर्यंत थांबू नकोस. कुरकुरले तर सांग, नंद्याला आधी फोटो बघायचाय.

तुझा,
नंद्या