सईच्या पिनेविषयी

नेपरव्हिल, इलिनॉय
ऑक्टोबर

ती. आई आणि बाबा यांना
सा. न. वि. वि.

बाबा, रविवारी फोनवर तुम्ही आमच्या सईच्या कॉलेजातल्या संघटनेच्या पिनेवरून बोललात तेव्हा ती माझ्या शेजारीच बसली होती, म्हणून मी विषय बदलला. तुम्ही म्हणालात, "शिकायला पाठवलीय की बिल्ले लावून मिरवायला?" आणि आई, तू मागून विचारलंस, तिथे रॅगिंग तर नसतं ना. फोनवर दोन वाक्यांत उरकावं असं हे नाही. मी त्या पिनेच्या बाजूची आहे, आणि का आहे ते तुम्हा दोघांना नीट कळावं असं मला फार वाटतं.

सई ज्या सोरोरिटीत गेली तिचं नाव पाय बीटा फाय. इथल्या कॉलेजांत मुलींच्या अशा संघटना दीडशे वर्षांपासून आहेत, नावं बहुतेक ग्रीक अक्षरांची. सुरुवातीला काही दिवस नुसत्या भेटीगाठी चालतात. मुली एकेका सोरोरिटीच्या घरी जाऊन येतात, तिथल्या मुली यांच्याशी बोलतात, आणि शेवटी ज्या दिवशी बोलावणं हातात पडतं त्याला बिड डे म्हणतात. बोलावणं स्वीकारलं तरी मुलगी लगेच पूर्ण सभासद होत नाही. मधले काही आठवडे ती न्यू मेंबर असते, आणि या काळासाठी तिला एक छोटी, साधी पिन मिळते. ती डाव्या बाजूला, हृदयावर लावायची. पाय बीटा फायची ही पिन म्हणजे बाणाचं सोनेरी टोक. इनिशिएशन, म्हणजे पूर्ण सभासद करून घेण्याचा विधी, झालं की अख्खा बाण मिळतो, आणि तो जन्मभराचा. अल्फा फायच्या नव्या मुली आयव्हीचं पान लावतात, गॅमा फाय बीटाच्या चंद्रकोर. पूर्वी या पिनेला प्लेज पिन म्हणत आणि ती रोज लावण्याबद्दल फार कडक असत. आता तेवढं राहिलेलं नाही.

पूर्ण बाणाचे नियम मात्र अजून कडक आहेत, आणि बाबा, ते तुम्हाला आवडतील. बहुतेक सोरोरिटींत बॅज, म्हणजे पूर्ण सभासदाची पिन, लावायचा तर कपडे नीटनेटके हवेत, जीन्स आणि टीशर्टवर तो लावत नाहीत. बॅज लावून दारू प्यायची नाही. आणखी पिना असतील तर बॅज सगळ्यांच्या वर. आणि जिचं इनिशिएशन झालेलं नाही तिने तो लावायचा नाही, मग ती सख्खी आई का असेना. म्हणजे सईचा बाण मी हातात घेऊन बघू शकेन, पण अंगावर लावू शकणार नाही. मला हे ऐकून बरं वाटलं. आपण दिलेली नाही अशी, तिची तिने मिळवलेली एक वस्तू तिच्याकडे असेल.

तुम्हाला वाटेल ही आजकालची फॅशन आहे. पाय बीटा फाय सुरू झाली ती इथून फार लांब नसलेल्या मॉनमथ नावाच्या छोट्या गावात, २८ एप्रिल १८६७ रोजी. मॉनमथ कॉलेजच्या बारा मुली एका घराच्या माडीवरच्या भाड्याच्या खोलीत जमल्या आणि त्यांनी ही संघटना काढली. ते घर अजून जपून ठेवलंय. तेव्हा नाव वेगळं होतं, आय. सी. सोरोसिस, पण सोन्याचा बाण पहिल्यापासूनचाच. तीन वर्षांनी, १८७० च्या ऑक्टोबरमध्ये, त्याच कॉलेजात कॅपा कॅपा गॅमाच्या मुली केसांत सोन्याच्या छोट्या किल्ल्या खोवून प्रार्थनेला आल्या. त्या काळी मुलींनी कॉलेजात जाणं हीच केवढी मोठी गोष्ट होती. आपली एक संघटना आहे हे चारचौघांत सांगायला त्यांच्याजवळ तेवढी एक किल्लीच होती. आर्कान्सामधल्या फेयेटविलला १८९५ साली काय ओमेगा निघाली, तेव्हा तिचा पहिला बॅज गावातल्या एका दातांच्या डॉक्टरांनी दातांत भरायच्या सोन्यातून घडवला होता. तो प्रसंग माझ्या डोळ्यासमोर येतो आणि मला त्या डॉक्टरांविषयी माया वाटते.

पण खरी गोष्ट मला सांगायची आहे ती बेटी लॉकची. इंडियानातल्या ग्रीनकॅसलच्या विद्यापीठात, आज त्याला डिपॉ म्हणतात, १८६७ साली पहिल्यांदा मुलींना प्रवेश मिळाला. तिथल्या गणिताच्या प्राध्यापकांची ही मुलगी. मुलांच्या एका संघटनेतल्या कुणीतरी तिला आपला बॅज लावायला दिला, कौतुक म्हणून. तिने विचारलं, याबरोबर सभासदत्व मिळणार का, तुमचे सगळे हक्क मिळणार का? नाही म्हटल्यावर तिने बॅज परत केला. मग त्या मुलांनी तिला चांदीची केकची टोपली भेट दिली. आणि बेटीने आणखी तिघींना बरोबर घेऊन २७ जानेवारी १८७० रोजी कॅपा अल्फा थीटा काढली, स्वतःचा बॅज ठरवला, पतंगाच्या आकाराचा. थीटाच्या मुली ही गोष्ट अजून एकमेकींना सांगतात.

बाबा, ही गोष्ट वाचली तेव्हा मला तुमच्या कोटावरचं रोटरीचं चाक आठवलं. मीटिंगच्या दिवशी इस्त्रीचा कोट घालून झाला की तुम्ही आरशासमोर उभे राहून ते चाक सरळ करायचात. मी लहान असताना त्याचे दात मोजले होते, चोवीस. ती पिन लावली की गावात तुमच्याकडे कुणी काम घेऊन आलं तर नाही म्हणता येत नाही, असं तुम्हीच म्हणायचात. मग पोलिओचा डोस असो की रक्तदान, तुम्ही उभे. पिन लावून मिरवणं आणि पिन लावून बांधलं जाणं यातला फरक मी तुमच्याकडून शिकले आहे. सईला तेच दिसतंय.

आणि आई, तुझ्या पदरावरही चाक होतं, चाकात चाक. इनर व्हीलचं. ते तुला का मिळालं? बाबा रोटेरियन होते म्हणून. आरोग्य शिबिरं तू घेतलीस, शाळेला बाकं तू मिळवून दिलीस, वह्या तू वाटल्यास, आणि पत्रिकेवर नाव छापलं जायचं ते बाबांच्या नावामागे सौ. लावून. रोटरीत बायकांना सरळ सभासद होता येईना. इथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये निकाल दिला आणि १९८९ मध्ये रोटरीने जगभरासाठी ती अट काढून टाकली, तोवर तुझं अर्धं काम करून झालेलं होतं. मी तुझी तक्रार कधी ऐकली नाही. पण तुझ्या नातीच्या छातीवरची पिन कुणाची बायको, कुणाची मुलगी म्हणून आलेली नाही, हे तुला कळावं म्हणून मी हे सगळं लिहितेय.

आता या संघटनांचं सगळंच चांगलं आहे असं मी म्हणणार नाही. फी बरीच आहे, आणि ती परवडत नाही म्हणून मुली मागे राहतात. कित्येक दशकं या घरांत ज्यू मुलींना, काळ्या मुलींना, आपल्यासारख्यांना जागा नव्हती. म्हणून तर १९०८ साली वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात काळ्या मुलींनी अल्फा कॅपा अल्फा काढली, १९०९ साली न्यू यॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजात ज्यू मुलींनी अल्फा एप्सिलॉन फाय काढली. आपल्याकडच्या मुलींनी १९९८ मध्ये टेक्सासात ऑस्टिनला कॅपा फाय गॅमा काढली. आणि हे जुनं झालं म्हणावं तर २०१३ मध्येसुद्धा अलाबामा विद्यापीठात काळ्या मुलींना रंगावरून नाकारलं म्हणून विद्यार्थ्यांनी मोर्चा काढला होता. सईने हे सगळं वाचलं होतं. बिड डेच्या आदल्या रात्री तिने मला विचारलं, "मी तिथे एकटी सावळी असले तर?" मी म्हटलं, तुला त्या मुली आवडल्या का ते सांग. ती म्हणाली, आवडल्या. पुढचं तिने ठरवलं.

रॅगिंगचं म्हणशील तर आई, भीती खोटी नाही. इथे त्याला हेझिंग म्हणतात, आणि त्यात मुलं दगावलेली आहेत, बहुतेक मुलांच्या संघटनांत, पण मुलींच्याही सगळ्या निर्मळ नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये त्याविरुद्ध देशभरासाठी कायदा झाला. कुठल्या संघटनेत असा प्रकार सिद्ध झाला ते आता कॉलेजांना जाहीर करावं लागतं. मी विद्यापीठाच्या पानावर जाऊन पाहिलं, आणि सईला बजावलं आहे की कुणी प्यायला लावलं, रात्री झोपू दिलं नाही, कुणाची टवाळी करायला सांगितली, तर पिन काढून टेबलावर ठेवायची आणि मला फोन करायचा. न्यू मेंबरला तो हक्क आहे. मधले आठवडे असतात ते यासाठीही, दोन्ही बाजूंनी बघून घ्यायला. आतापर्यंत तिने सांगितलंय ते इतकंच की संघटनेचा इतिहास पाठ करायचा असतो आणि आठवड्यातून अमुक तास एकत्र बसून अभ्यास करायचा असतो. सिव्हिलच्या पहिल्या वर्षाला गणित तिला जड जात होतं. तिसऱ्या वर्षाची एक मुलगी तिला ग्रंथालयात घेऊन बसते.

हे गणिताचं ऐकून माझा जीव किती भांड्यात पडला ते तुम्हाला कसं सांगू? माझ्या वेळी वरच्या आळीत आत्या होती, मावशी एसटीने दोन तासांवर. सईला इथे कोण आहे? आम्ही दोघं, आणि तीही गाडीने अडीच तास लांब.

आमच्या समोरच्या घरात एक निवृत्त शिक्षिका राहतात, ऐंशीच्या पुढच्या. इतकी वर्षं आमचा संबंध हात हलवण्यापुरता. मागच्या शनिवारी सई घरी आली होती, कोटावर पिन होती. त्यांनी रस्ता ओलांडून येऊन विचारलं, "पाय फाय?" आणि आत जाऊन एक डबी घेऊन आल्या. आत किल्ली, बारीक मोत्यांची, आणि साखळीने जोडलेलं त्यांच्या शाखेचं एवढंसं अक्षर. त्या कॅपा कॅपा गॅमाच्या, सईच्या सोरोरिटीच्या नव्हेत, तरी तासभर बोलत बसल्या. दर मार्चमध्ये एक दिवस सगळ्या सोरोरिटींच्या बायका आपापला बॅज लावतात, त्या दिवशी त्या अजूनही लावतात. आपल्यामागे ती किल्ली कुठे जावी हेही त्यांनी लेकीला लिहून ठेवलंय. काही बायका बॅज अंगावर ठेवूनच जातात, काहींचा संघटनेकडे परत जातो, काहींचा घरातल्या सभासद मुलीकडे. सई ऐकत होती. घरी आल्यावर तिने पिनेचा मागचा फिरकीचा स्क्रू दोनदा तपासला.

नोव्हेंबरमध्ये तिचं इनिशिएशन आहे. पांढरे कपडे घालायचे असतात. आम्हाला आत प्रवेश नाही, आणि आत काय होतं ते ती कुणालाही सांगणार नाही. त्या रविवारी ती तुम्हाला फोन करेल. बाबा, तेव्हा कृपा करून आत काय झालं ते विचारू नका. त्याऐवजी तिला रोटरीत तुम्हाला चाक लावलं त्या दिवसाबद्दल सांगा. तुमच्या समारंभाला कोण आलं होतं, तुम्ही काय बोललात, हे तिने कधी ऐकलेलं नाही. जमलं तर चार ओळी लिहून पाठवा, तुमच्या अक्षरात. ती मराठी हळू वाचते, पण वाचते.

आई, तुझ्याकडे एक वेगळंच काम आहे. दिवाळीच्या मंडळाच्या कार्यक्रमात सईला तुझी जांभळी नारायणपेठी नेसायची आहे आणि तिच्यावर ती पिन लावायची आहे. पिन डावीकडेच हवी, आणि डावीकडे पदर येतो. पदराखाली लावली तर दिसत नाही, वर लावली तर रेशमाला भोक पडेल आणि जडपणाने पदर ओढला जाईल. तू इतकी वर्षं इनर व्हीलचा बॅज साड्यांना लावलास आणि एकाही साडीला भोक नाही, मी पाहिलंय. आतून मलमलीचा तुकडा लावायचीस ना? तो पदराला टाचायचा की ब्लाउजला, आणि पदराच्या घड्या खांद्यावर घातल्यावर लावायचा की आधी, ते मला नीट सांग. फोटो काढून पाठवलास तर फार बरं होईल.

बाबांची शुगर तपासून घ्या आणि आकडा कळवा.

तुमची,
मनू