कोसीने ‘अचानक’ मार्ग बदलला नाही

महोदय,

कालच्या अंकातील, नेपाळातून बिहारात येणाऱ्या कोसी नदीवरच्या लेखात ‘लहरी नदीने 2008 मध्ये अचानक मार्ग बदलला’ असे वाचले आणि राहवले नाही. 18 ऑगस्ट 2008 रोजी नेपाळात कुसहा इथे फुटला तो माणसाने घातलेला बांध. साडेनऊ लाख क्युसेक पाणी पेलायचे असताना तो दीड लाखाच्या आतच फुटला. पाणी वळले तेही नदीच्या जुन्या पात्रांकडे. खडकवासल्याच्या जल व विद्युत संशोधन केंद्रातील गोळे आणि चितळे यांनी 1966 मध्येच नकाशांच्या आधारे कोसी दोन शतकांत शंभरावर किलोमीटर पश्चिमेला सरकल्याचे मांडले होते. पुण्याच्या वेशीवर झालेल्या या कामाचा लेखात उल्लेखही नसावा? पुढे 2010 मध्ये इतर अभ्यासकांनी 1760 ते 1960 या काळातले 28 नकाशे पुन्हा तपासले, तेव्हा नदी एकाच दिशेने सरकत गेली नव्हती, असे दिसले. नकाशे असे पुन्हापुन्हा वाचावे लागतात. छपाईचे साल वेगळे, मोजणीचे वेगळे. उन्हाळ्यातल्या हवाई छायाचित्रात कोरडी वाळू पांढरी दिसते. ती पात्रात धरायची की काठात, इथेच घोळ होतो.

पण वाचायला मिळाले तर ना! मी शिकवत असताना एका विद्यार्थिनीला कृष्णाकाठची जुनी हवाई छायाचित्रे हवी होती. एका कार्यालयाने आधी प्राचार्यांचे पत्र मागितले, मग संरक्षण खात्याची परवानगी, आणि शेवटी ‘नदीचे फोटो कशाला हवेत?’ असे विचारून तिला परत पाठवले. मुलीने विषयच बदलला. त्याचा राग मला आजही आहे. अमेरिकेच्या हेर उपग्रहांनी 1960 च्या दशकात टिपलेली छायाचित्रे 1995 मध्ये जगाला खुली झाली, त्यांत आपला देशही आहे. आपल्याच नद्या पाहायला आपल्या मुलांनी अमेरिकेकडे जायचे? 2021 मध्ये केंद्राने नकाशांचे नियम सैल केले, हे चांगले झाले. आता सरकारी कपाटांतली जुनी छायाचित्रे स्कॅन करून प्रत्येक महाविद्यालयाला द्यावीत.

आणखी एक. लेखासोबतच्या नकाशावर ना उत्तर दिशा, ना प्रमाण, ना साल. निळ्या रेघेला नकाशा म्हणत नाहीत. पुढच्या वेळी एवढे तरी छापावे, ही विनंती.

— एक निवृत्त भूगोल प्राध्यापक, सांगली