डोंगरगावचा डायनासोर, पाच जणांच्या हातचा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या आपल्या बालपुरवणीत डायनासोरांचे पान होते. माझ्या नातवाने ते कापून भिंतीला चिकटवले. टायरॅनोसॉरस, ट्रायसेरॅटॉप्स आणि स्टेगोसॉरस, तिघेही अमेरिकेच्या मातीत सापडलेले. पान सुरेख होते, त्याबद्दल आभारच मानते. पण ज्या भिंतीवर ते लागले ती भिंत वरोऱ्यात आहे. वरोऱ्याजवळच्या डोंगरगावच्या टेकडीत एका अजस्र डायनासोरची हाडे मिळाली होती, हे ते पान बघायला जमलेल्या गल्लीतल्या एकाही पोराला ठाऊक नव्हते. त्यांच्या आईबापांनाही नव्हते. म्हणून हे पत्र लिहायला बसले.

मी चित्रकला शिक्षिका होते, आता निवृत्त आहे. डायनासोरांच्या मूर्ती जमवायचा नाद मला तीस वर्षांपासून आहे. पहिली मूर्ती जत्रेतल्या दुकानातली, हिरव्या प्लास्टिकची. नंतर मुलाने, भाच्यांनी बाहेरून आणून दिलेल्यांची भर पडत गेली. आज कपाटाचे दोन कप्पे भरले आहेत. या नादापायीच चार माणसे जोडली गेली. पेणचे एक मूर्तिकार आहेत, त्यांच्या घरी तीन पिढ्या गणपतीचा कारखाना आहे. कोल्हापूरचे एक गृहस्थ कवळ्या आणि दातांच्या टोप्या बनवतात. पुण्याचा एक मुलगा इंजिनिअरिंग करतो. आणि नाशिकच्या एक ताई भूगोल शिकवतात, त्यांच्याकडे माझ्या दुपटीने मूर्ती आहेत. आधी आम्ही एकमेकांना नुसते फोटो दाखवायचो. दोन वर्षांपूर्वी ताईंनी विचारले, ‘तुमच्या जिल्ह्यातला तो कुठे आहे हो कपाटात?’ मला बाजारात तो कधीच मिळाला नव्हता. ‘मग करूया की,’ पेणचे दादा म्हणाले.

त्याचे नाव इसिसॉरस कोल्बर्टी, लांब मानेचा, पाला खाणारा. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ते पडले. संख्याशास्त्राच्या संस्थेत हाडे कशी, असे मलाही वाटले होते. संस्थेचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी पामेला रॉबिन्सन या जीवाश्मतज्ज्ञ बाईंना लंडनहून बोलावून तिथे भूशास्त्राचे काम उभे केले, त्याचे हे फळ. सोहनलाल जैन आणि शाश्वती बंडोपाध्याय यांनी 1997 साली डोंगरगावच्या हाडांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा त्याला टायटॅनोसॉरस म्हटले होते. 2003 मध्ये अभ्यासकांनी त्याला वेगळे काढून आजचे नाव दिले. मानेचे, पाठीचे, शेपटीचे मणके, बरगड्या, कमरेची हाडे, खांदा आणि डावा पुढचा पाय, एवढे मिळाले आहे. डोके मिळालेले नाही. मागचे पायही नाहीत.

आता ज्याचे डोके आणि मागचे पाय कुणी पाहिलेले नाहीत, त्याची मूर्ती कशी करायची? एकटीने बसले असते तर मी माझ्या मनाचे डोके बसवून मोकळी झाले असते. पाच जण असल्यामुळे ते चालले नाही, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त आनंद आहे.

आम्ही चाळीसावा भाग धरला. त्याच्या दंडाचे हाड सुमारे 148 सेंटिमीटर लांब आहे, म्हणजे माझ्या खांद्यापेक्षाही उंच. चाळीसाव्या भागात ते 3.7 सेंटिमीटर होते. हा एक आकडा आमच्या मूर्तीचा खुंटा. बाकी सगळे त्याच्याशी ताडून पाहायचे. लांबीचे अंदाज 11 मीटरपासून 18 मीटरपर्यंत दिलेले आढळतात. आम्ही मधला धरला आणि नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत 38 सेंटिमीटर ठरवले.

पहिली मूर्ती मी शाडूची केली. हात त्यातच बसलेला. तारेचा सांगाडा, त्यावर सुतळी, त्यावर माती. आठ दिवसांनी वाळली आणि दोन्ही खांद्यांवर तडे गेले. पुण्याच्या मुलाने मला व्हर्नियर लावून दंड मोजायला सांगितला. 3.5 भरला. मी तर ओला असताना नीट मोजून केला होता. पेणच्या दादांना फोन केला, तर त्यांनी मूर्ती न बघताच सांगितले, ‘ताई, माती वाळली की आवळते, आत तार आवळत नाही. मग ती कुठेतरी फाटणारच. आम्ही गणपतीच्या पोटात तार घालत नाही ती त्यासाठीच.’ चौतीस वर्षे मी मुलांना मातीकाम शिकवले, आणि आवळण्याचा हिशोब मिलिमीटरमध्ये तेव्हा पहिल्यांदा समजला. दुसरी मूर्ती आम्ही एम-सीलसारख्या दोन भाग मिसळायच्या लांबीने, म्हणजे पुट्टीने, केली. ती आवळत नाही, पण अर्ध्या तासात हाताला घट्ट लागते, म्हणून सुपारीएवढी सुपारीएवढीच कालवायची.

दुसरी चूकही माझीच. मी पुढच्या पायांना हत्तीसारखी नखे काढली होती. दिसायला फार छान दिसत होती. नाशिकच्या ताईंनी फोटो बघून रात्री साडेदहाला फोन केला. इसिसॉरसच्या कुळातल्या डायनासोरांच्या पुढच्या पायांना सहसा नखे नसत, बोटांची हाडेसुद्धा बहुतेक झडलेली असत. तळव्याची हाडे खांबासारखी उभी, त्यावर सगळा भार. मागच्या पायांना मात्र नखे होती. दुसऱ्या दिवशी मी ब्लेडने पुढची सगळी नखे कापून काढली. आता कुणाकडचीही लांब मानेच्या डायनासोरची मूर्ती हातात घेतली की माझी नजर आधी पुढच्या पायांवर जाते. कपाटातल्या कितीतरी चुकीच्या निघाल्या. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या बागेत 1854 मध्ये उभ्या केलेल्या इग्वानोडॉनच्या नाकावर शिंग आहे. ते खरे त्याच्या अंगठ्याचे टोक होते, हे बेल्जियमच्या खाणीत 1878 मध्ये पुरे सांगाडे सापडल्यावर सिद्ध झाले. हॉकिन्स यांच्यासारखा शिल्पकार आणि ओवेन यांच्यासारखा शास्त्रज्ञ, तरी असे झाले. मला त्यांच्याबद्दल आदरच वाटतो. हाती असलेल्या हाडांवरून त्यांनी पहिल्यांदा प्राणी उभे केले.

डोक्यासाठी आम्ही मादागास्करकडे वळलो. भारत आणि मादागास्कर एकेकाळी जोडलेले होते, सुमारे 8.8 कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले. तिथल्या रापेटोसॉरस या याच कुळातल्या डायनासोरची कवटी मिळालेली आहे. तिच्यावरून कोल्हापूरच्या भाऊंनी डोके केले. संपूर्ण डोके माझ्या अंगठ्याच्या नखाहून थोडे मोठे. दात कोरायच्या त्यांच्या मेणाच्या हत्यारांनी त्यांनी ते सहा वेळा केले आणि पाच वेळा मोडले. ओठ किंचित उघडे ठेवून आत पेन्सिलच्या टोकासारखे बारीक दात दिले आहेत. हा प्राणी चावत नव्हता, पाला ओरबाडून गिळत होता. भाऊ म्हणाले, ‘दाढा नसलेल्या गिऱ्हाइकाचं काम पहिल्यांदाच केलं.’

कातडीवरून मात्र आमचे कडाक्याचे वाजले. अर्जेंटिनात औका माहुएव्हो या ठिकाणी या कुळातल्या डायनासोरांची अंडी मिळाली, त्यांच्यातल्या भ्रूणांच्या कातडीचे ठसे सापडले. मध्ये एक मोठा खवला, भोवती लहान खवल्यांचे कडे, फुलासारखे. मला ती फुले अंगभर हवी होती. पुण्याच्या मुलाने हिशोब मांडला की मूळ प्राण्याचा खवला दोन सेंटिमीटरचा धरला तरी चाळीसाव्या भागात तो अर्धा मिलिमीटर होतो. त्याहून मोठा केला तर मगरीसारखा दिसेल. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. मग भिंग घेऊन बसले, शाईच्या रिकाम्या बॉलपेनचे टोक ओल्या लांबीवर हलकेच टेकवत गेले. मानेखालच्या पेराएवढ्या पट्ट्याला तीन तास लागले. मूर्ती हातात घेतली तर ते ठसे दिसत नाहीत, बोट फिरवले की लागतात. तो मुलगा बरोबर होता.

साचा पेणला झाला. सिलिकॉन रबराचा, दोन पाळ्यांचा, जोड पाठीच्या कण्यावरून नेलेला, म्हणजे घासून साफ करताना कातडीचे काम पुसले जात नाही. त्यात रेझिन ओतून बारा मूर्ती काढल्या. एप्रिल गेला, मे आला, आणि वरोऱ्याच्या उन्हाने हिसका दाखवला. माझ्या खिडकीतली मूर्ती दुपारी गुडघ्यात वाकू लागली. पेणच्या दमट हवेत ती ताठ उभी होती. नंतरच्या सगळ्या मूर्ती दादांनी पायांत पोलादी तार घालून ओतल्या. रंग माझा. खरा रंग कुणालाच माहीत नाही, म्हणून मी आमच्याकडच्या म्हशीचा दिला, चिखलात लोळून वाळल्यावर दिसतो तो.

आता ज्या गोष्टीसाठी माझा जीव जास्त अडकला ती सांगते. मूर्तीच्या पायाखालची जमीन. आम्हा जमवणाऱ्यांत एक जुना पाठ आहे की डायनासोरच्या पायाशी गवत दाखवायचे नाही, कारण गवत त्यांच्या मागून आले. ताईंनी तेच सांगितले. पण याच भागातल्या पिसदुऱ्याच्या शेतांत डायनासोरांची दगड झालेली विष्ठा मिळते, बहुधा याच कुळातल्या प्राण्यांची. वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉम्बर्ग, अशोक साहनी आदींनी तिच्यात गवताच्या पेशींतले सिलिकाचे सूक्ष्म कण शोधले आणि 2005 मध्ये ते प्रसिद्ध केले. किमान पाच प्रकारचे गवत. जगभरच्या पुस्तकांतली समजूत आमच्या तालुक्याकडच्या गोट्यांनी बदलली! मी ताईंना तो संदर्भ वाचून दाखवला तेव्हा त्या क्षणभर गप्प झाल्या आणि म्हणाल्या, ‘लावा गवत.’ झाडूच्या काड्यांचे शेंडे कापून मी ते लावले, विरळ, झुबक्याझुबक्याने. आमच्या मूर्तीच्या पायाशी गवत आहे, आणि त्या गवताचा पुरावा पिसदुऱ्याचा आहे.

संपादक महोदय, बारांपैकी पाच मूर्ती आम्ही घरी ठेवल्या. सात शाळांना देत आहोत. पण 38 सेंटिमीटरच्या मूर्तीने मुलांना त्याचे खरे आकारमान कळत नाही. डोंगरगावची हाडे कोलकात्यात आहेत आणि अभ्यासासाठी ती तिथेच सुरक्षित राहावीत. माझी मागणी एकच आहे. त्या दंडाच्या हाडाची एक पूर्ण आकाराची प्रतिकृती चंद्रपूर जिल्ह्यात, मुलांना हात लावता येईल अशा ठिकाणी उभी करावी. काचेत नको. सहावीतल्या पोराने पाठ टेकवून त्याच्याशी उंची मोजावी. साचा घ्यायची परवानगी आणि मोजमापे मिळाली तर घडवायचे काम आम्ही पाच जण विनामोबदला करू. पेणच्या दादांच्या कारखान्यात नऊ फुटांचे गणपती होतात, पाच फुटांचे हाड त्यांना जड नाही.

वाचकांना एक विनंती. पिसदुरा, डोंगरगाव भागात गेलात तर गोटे, हाडे उचलून घरी आणू नका. जागेवरून हलवलेला तुकडा अभ्यासकाला निम्मीही गोष्ट सांगत नाही. फोटो काढा, जागा लिहून ठेवा, भूशास्त्र शिकवणाऱ्या जवळच्या महाविद्यालयाला कळवा.

पुढची मूर्ती राजासॉरस नर्मदेन्सिसची ठरली आहे, गुजरातच्या राहिओलीचा, डोक्यावर बुटक्या शिंगाचा. भाऊंनी डोक्याचे मेण लावायला घेतले आहे. यावेळी कवटीचा भाग मिळालेला आहे, त्यामुळे भांडण पायांवरून होईल असे दिसते.

यंदाच्या तान्ह्या पोळ्याला, म्हणजे मुलांच्या लाकडी बैलांच्या पोळ्याला, नातू हट्टाला पेटला. मी त्याच्यासाठी एका मूर्तीखाली लाकडी पाटी आणि चार चाके बसवून दिली. नंदीच्या रांगेत त्याने इसिसॉरस ओढत नेला. गळ्यात घुंगरांची माळ, पाठीवर झूल. घरोघरी बोजारा मागताना प्रत्येक दारात त्याला विचारत होते, हा कोणता प्राणी रे? तो सांगत होता, ‘डोंगरगावचा.’

आपली,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका
वरोरा, जि. चंद्रपूर