‘फार काही करू नका’ हे फाइलमध्ये लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मरणासन्न रुग्णाचे कृत्रिम उपचार कधी थांबवावेत, यावर वर्तमानपत्रांतून चर्चा होते तेव्हा डॉक्टर बोलतात, वकील बोलतात, नातेवाईकांचे म्हणणे छापून येते. रात्रभर रुग्णाच्या उशाशी असणारी परिचारिका त्या चर्चेत बहुधा नसते. ठाणे आणि नवी मुंबईतील रुग्णालयांत मी तीस वर्षांहून अधिक काळ नोकरी केली, त्यातली बरीच वर्षे अतिदक्षता विभागात गेली. त्या अनुभवाच्या आधारे एक मुद्दा मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

संध्याकाळच्या राउंडला मोठे डॉक्टर रुग्णाच्या मुलाला बाजूला घेऊन बोलतात. आता हाती फारसे उरलेले नाही हे दोघांनाही कळलेले असते, आणि जाता जाता डॉक्टर सिस्टरला सांगतात, ‘फार काही करू नका.’ फाइलमध्ये मात्र सगळे उपचार चालू ठेवण्याचाच आदेश असतो. रात्री अडीच वाजता त्या रुग्णाचे हृदय थांबले, तर छाती दाबायची की नाही? दाबली तर ऐंशी वर्षांच्या देहाच्या बरगड्या मोडण्याची शक्यता मोठी असते आणि तो वाचण्याची अगदी कमी. न दाबली, तर उद्या चौकशीत दाखवायला आमच्याकडे कागद नसतो. मग अर्धवट, दाखवण्यापुरते प्रयत्न केले जातात. मीही त्यात उभी राहिले आहे, आणि माझ्या सबंध नोकरीतली ती सर्वांत अप्रामाणिक दहा मिनिटे होती. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० मध्येच याविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली असून, हृदय बंद पडल्यास पुनरुज्जीवनाचे प्रयत्न करायचे नसतील तर तो निर्णय रुग्णाशी किंवा कुटुंबाशी बोलून लेखी नोंदवावा, असे त्यांत आहे. तरीही तोंडी आदेशाची सवय सुटलेली नाही.

दुसरी अडचण मॉर्फिनची आहे. फुप्फुसाच्या कर्करोगाने अखेरच्या टप्प्यात आलेल्या रुग्णाला वेदना असतातच, पण त्याहून भयंकर असतो तो श्वास न पुरण्याचा त्रास. मॉर्फिनच्या मोजक्या मात्रेने तो बराच निवतो. कागदावर ‘गरज पडल्यास’ असे लिहिलेले असते आणि गरज पडली की नाही हे आम्ही ठरवायचे असते. नव्या मुली इंजेक्शन हातात घेऊन थबकतात, कारण तासाभरात रुग्ण गेलाच तर ‘सिस्टरच्या इंजेक्शनने गेला’ हे शब्द ऐकावे लागतील ही धास्ती असते. त्रास शमवण्यासाठी योग्य मात्रेत दिलेले औषध म्हणजे जीव घेणे नव्हे, हे त्यांना शिकवलेले असते. पण रात्री त्यांच्या पाठीशी उभे राहून ते सांगणारे कुणी नसते.

खारेगावचे एक काका माझ्या आठवणीतून जात नाहीत. त्यांना आजाराचे नाव कळू द्यायचे नाही, असे मुलांनी हात जोडून सांगितले होते. एका रात्री ओल्या गॉजने मी त्यांचे ओठ भिजवत असताना त्यांनी विचारले, ‘सिस्टर, मी घरी जाणार ना?’ हो म्हणणे खोटे ठरले असते, आणि नाही म्हणण्याचा अधिकार मला कुणी दिलेला नव्हता. मी म्हटले, ‘काका, तुम्हाला काय वाटतं?’ ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘मग हिला पेन्शनचे कागद कुठे आहेत ते सांगायला हवं.’ काकू बाहेर पॅसेजमध्ये चटईवर निजल्या होत्या. भेटीची वेळ संपलेली असताना मी त्यांना आत आणले. कागद, पासबुक, कपाटाची किल्ली असे वीस मिनिटे त्या दोघांचे बोलणे चालले. सकाळी मला त्याबद्दल बोलणी बसली. तो नियमभंग होता हे मला मान्य आहे, पण पुन्हा तशी वेळ आली तर मी तेच करीन.

हल्ल्यानंतर केईएम रुग्णालयात वर्षानुवर्षे अचेतनावस्थेत असलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी दिलेल्या निकालाने निष्क्रिय दयामरणाला, म्हणजे कृत्रिम उपचार थांबवून मरण येऊ देण्याला, आपल्याकडे प्रथमच तत्त्वतः मान्यता मिळाली. त्याच निकालात प्रत्यक्ष याचिका मात्र फेटाळली गेली, कारण केईएम रुग्णालयातील ज्या परिचारिका आणि कर्मचारी सुमारे ३७ वर्षे त्यांची शुश्रूषा करत होते, त्यांना त्या जगाव्यात असे वाटत होते. इतक्या वर्षांत अरुणा यांना एकदाही बेडसोअर (सतत पडून राहिल्याने होणारी जखम) झाला नाही, याचीही दखल न्यायालयाने घेतली. म्हणजे शुश्रूषा करणाऱ्यांच्या मताला देशातल्या सर्वोच्च न्यायपीठाने वजन दिले. पुढे २०१८ च्या निकालाने वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजे अखेरच्या अवस्थेत कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता मिळाली आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सुलभ करण्यात आली. आता उपचार थांबवण्याबाबत प्राथमिक आणि दुय्यम अशी दोन वैद्यकीय मंडळे निर्णय घेतात, पण दोन्ही डॉक्टरांचीच. परिचारिकेचे म्हणणे विचारावे असे त्या प्रक्रियेत कुठेही नाही. रुग्ण कूस बदलताना कण्हतो का, नातेवाईक गेल्यावर काय बोलतो, नळी काढा म्हणून खुणावतो का, हे तिच्याइतके कुणी पाहिलेले नसते.

मंडळात परिचारिकेला जागा मिळायला वेळ लागेल, हे मी समजू शकते. तोवर ठाणे आणि नवी मुंबई महापालिकेच्या तसेच खासगी रुग्णालयांना एवढे करता येईल, की नातेवाईकांशी होणाऱ्या अशा प्रत्येक बैठकीला त्या वॉर्डातील सिस्टर हजर असावी, तिचे निरीक्षण नोंदवले जावे, आणि काय करायचे व काय नाही हे डॉक्टरांच्या सहीनिशी रात्रपाळी सुरू होण्यापूर्वी फाइलमध्ये यावे. मॉर्फिनची मात्रा किती आणि किती वेळाने, तेही त्याच पानावर असावे. एखाद्या परिचारिकेच्या मनाला तो निर्णय पटत नसेल, तर तिने कुणाशी बोलायचे त्याचे नाव खाली असावे. यासाठी नवीन यंत्र लागत नाही.

नोकरीत असताना मी असा कागद मागितला होता. ‘तोंडी सांगितलं ना,’ एवढेच उत्तर मिळाले. माझ्या हाताखाली शिकलेल्या मुली आज त्याच वॉर्डात रात्रपाळी करतात. त्यांचे फोन मला अजून येतात आणि त्या दबक्या आवाजात हेच विचारतात, की मॅडम, फाइलमध्ये काही लिहिलेलं नाही, मी काय करू?

– एक निवृत्त परिचारिका, कोपरी, ठाणे (पूर्व)