पालकमंत्री साहेब, आमच्या झऱ्यावर गव्याचाही नंबर असतो

मा. पालकमंत्री, कोल्हापूर जिल्हा
सप्रेम नमस्कार.

कोल्हापूरकरानं पाण्याचं रडगाणं गायलं की लोक हसतात. 2019 आणि 2021 चे महापूर सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलेत. शाहू महाराजांनी राधानगरीला धरण बांधायला घेतलं, म्हणून खाली ऊस उभा आहे. पण पाणी उतारानं खाली गेलं आणि धनगरवाडे राहिले वर. पावसाळ्यात घरातून बाहेर पडता येत नाही अशा त्या डोंगरावर मार्च सरला की प्यायला पाणी नसतं.

माझ्या आक्काला अशाच एका वाड्यावर दिलंय. तिथल्या झऱ्याची एप्रिलात करंगळीएवढी धार होते. खाली कळशी बसत नाही, म्हणून वाटीनं भरून कळशीत ओतायचं. एका कळशीला अर्धा तास. पहाटे तीनला नंबर लागतात, म्हणजे माणसं झोपलेली आणि कळश्या रांगेत. भोवतीच्या चिखलात गव्याचे खूर उमटलेले. उन्हाळ्यात त्यालाही रोज पाणी लागतं. तो आला की बायका मागं सरकून बसतात. "पिऊ दे त्याला, त्याचं पोट मोठं," आक्का म्हणते. तो गेल्यावर खड्ड्यात नुसता राबडा उरतो, तो निवळेपर्यंत परत तासभर थांबायचं. गेल्या वर्षी एक म्हातारी घाबरून पळताना पडली, हात मोडला. कळशी चेपली याचंच तिला जास्त वाईट वाटत होतं.

दाजीपूरचं जंगल 1958 साली गव्यासाठी राखलं गेलं. आज अभयारण्य साडेतीनशे चौरस किलोमीटरचं आहे, पण आतले ओढे आटले की गवा खाली उसात उतरतो. मग शेतकरी ओरडतो, पोरं मोबाईल घेऊन मागं धावतात आणि दोष जनावराला. वनखात्यानं सिमेंटचे पाणवठे बांधलेत, नाही असं नाही. मी पाहिलेले बहुतेक रस्त्याकडेला आहेत, कारण टँकरला रस्ता लागतो. म्हणजे तहानलेलं जनावर आपणच गाड्यांसमोर आणतो.

वाड्यावर नळही आलाय, साहेब. टाकी आहे, पाईप आहे, चकचकीत तोटी आहे. पाण्याचा उगमच धरलेला नाही. आक्का त्या तोटीला दोरी बांधून कपडे वाळत घालते.

आमच्याकडचे झरे सड्याच्या, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळी पठाराच्या, पोटातून येतात. वरचा जांभा पावसाचं पाणी पितो, खालच्या घट्ट थरावर ते अडतं आणि कड्याच्या बुडाशी बाहेर पडतं. म्हणून झरा वाचवायचा तर वरचा सडा राखावा लागतो. तिथं खोदकाम नको, वणवा नको. झऱ्याचं तोंड दगडात बांधून रात्रीचं वाया जाणारं पाणी झाकल्या टाकीत साठवा आणि सांडवा लांब, जंगलाच्या बाजूला काढून जनावरांना कुंड करून द्या. उन्हाळाभर टँकर चढवण्यापेक्षा हे स्वस्त पडेल असं मला वाटतं. हिशोब तुमच्या अभियंत्यांकडून करून घ्या. पण काम पावसाच्या आत व्हायला हवं, नाहीतर फाईल परत पुढच्या एप्रिलात उघडेल.

एकदा मे महिन्यात या. गाडी खालीच ठेवावी लागेल, पाऊण तासाची चढण आहे. पहाटे आलात तर पुढच्या गाडीचा भोंगा तेवढा बंद ठेवायला सांगा. त्या वेळी गवे पाण्यावर असतात, आणि बायका अंधारात बसलेल्या असतात.

आपला,
वाड्यावरचा एक भाऊ