सारंगकाका, भंडारीकाका, तुमचे आभार

मी कोल्हापूरचा. रंकाळ्यापलीकडे फारसं पाणी पाहिलं नव्हतं, आणि गेल्या ऑगस्टात, ऐन नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यात, मुंबईहून मोंबासाला निघालेल्या एका छोट्या मालवाहू जहाजावर ट्रेनी म्हणून चढलो. दुसऱ्याच दिवशी आडवा झालो. पाणीसुद्धा पोटात टिकेना. रात्री जहाज डोललं की बंकवरून खाली पडायचो. घरी फोन लागत नव्हता. लागला असता तर आईपुढे रडलोच असतो.

तेव्हा सारंगकाका, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे म्होरके, आले. काही न विचारता त्यांनी गादीच्या बाहेरच्या कडेखाली लाइफ जॅकेट खुपसलं. गादी भिंतीकडे कलली आणि त्या खोबणीत मी तीन दिवसांनी पहिल्यांदा झोपलो. सकाळी हाताला धरून डेकवर नेलं. म्हणाले, "पायाकडं बघू नको पोरा, लांब क्षितिजाकडं बघ."

भंडारीकाका, म्हणजे जहाजाचे स्वयंपाकी, तर दर दोन तासांनी यायचे. वाटीत मऊ भात, मीठ, आल्याचा तुकडा. "रिकाम्या पोटी जास्त मळमळतं. चार घास खा, उलटले तर पुन्हा देतो." खरंच पुन्हा दिले, तेही न कंटाळता. ताट घसरू नये म्हणून खाली ओलं फडकं अंथरायचे, ते फडकं मला अजून दिसतं.

मोंबासाला पोहोचेपर्यंत घड्याळ अडीच तास मागे गेलं होतं आणि मी उभ्यानं पहारा देत होतो. काका, आईनं तुमच्यासाठी कांदा-लसूण चटणी बांधून ठेवलीय. कोल्हापुरात याच.